करमणुकीसाठी मासे धरावे काय?

माहूरच्या बाजूस सेवा करणाऱ्या एका उपदेशक बंधूंनी आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. तो वरवर पाहता लहान दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी मोठी गोष्ट आहे, म्हणून त्याचे उत्तर दोन ओळींत न देता सर्व वाचकांसमोर मांडण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांच्याकडील तीन-चार गावांच्या मंडळ्यांतील तरुण सुटीच्या दिवसांत एका तलावाच्या काठी तंबू ठोकून राहिले होते. प्रातःकाळी प्रार्थना व शास्त्राभ्यास, दुपारी विसावा, रात्री शेकोटीभोवती भजन, असा क्रम होता. शहरातून आलेल्या एका तरुणाने आपल्याबरोबर गळाची काठी आणिली होती. तो मासा धरी, त्याची लांबी मोजी, छायाचित्र काढी आणि त्यास पुन्हा पाण्यात सोडून देई. ते पाहून इतरांनीही बांबूला दोरी बांधून गळ टाकिले. सायंकाळपर्यंत पुष्कळ मासळी निघाली. थोडी शिजविली, उरलेली काठावरच पडून राहिली. मंडळीतील एक वृद्ध भगिनी स्वयंपाकास होत्या. त्यांनी हे पाहून म्हटले की, पोटासाठी नव्हे तर गमतीसाठी जीव घेणे हे पाप आहे. तरुणांनी उत्तर दिले की, पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान हे सारे कोळीच होते, आणि प्रभूने स्वतः मासे खाल्ले. मग पाप कसचे? उपदेशक बंधू विचारितात की, ह्यांपैकी कोणाचे म्हणणे शास्त्राला धरून आहे?

प्रथम ज्याविषयी वाद नाही ते बाजूला काढू. मासे खाण्यात दोष नाही. यापो येथे पेत्राला झालेल्या दर्शनाने अन्नाच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न ख्रिस्ती मनुष्यापुरता मिटला आहे, आणि पुनरुत्थित प्रभूने शिष्यांची खात्री पटावी म्हणून त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, असे लूक सांगतो. ज्या बंधूंना मासळी वर्ज्य वाटते त्यांनी ती खाऊ नये, आणि खाणाऱ्यांनी त्यांना हसू नये. पौलाने रोमच्या मंडळीस ह्याविषयी जे लिहिले तेच आपल्या गावांनाही पुरेसे आहे. तसेच मासे धरण्याचा धंदाही निर्दोष आहे. पैनगंगा नदी माहूरच्या डोंगरांना वळसा घालून वाहते, आणि तिच्या काठच्या गावांतून भोई व ढीवर लोक पिढ्यानुपिढ्या जाळ्यावर संसार चालवीत आले आहेत. लेकरे शाळा शिकली म्हणजे आईबापांच्या जाळ्याची त्यांना लाज वाटू लागते, असे पुष्कळदा आढळते. ही लाज अगदी अस्थानी आहे. प्रभूने आपले पहिले शिष्य निवडिले ते शास्त्र्यांच्या पाठशाळेतून नव्हे, तर जाळी धुणाऱ्या व सांधणाऱ्या माणसांतून.

परंतु ह्या कोळ्यांचे जिणे कसे होते? गालीलचा समुद्र म्हणजे वस्तुतः गोड्या पाण्याचे सरोवर, सुमारे २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद. १९८६ साली अवर्षणामुळे त्याचे पाणी फार ओसरले, तेव्हा उघड्या पडलेल्या चिखलात काठच्या दोघा भावांना एक प्राचीन होडी सापडली. विद्वानांनी तिचा तपास करून ती प्रभूच्या काळाच्या सुमाराची ठरविली. तिची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर. तिच्यात अनेक जातींचे लाकूड आहे. जेथे फळी कुजली तेथे जे हाती आले ते लाकूड बसवून ती पुनःपुन्हा सांधिलेली दिसते. जो गरीब मनुष्य नवी होडी घेऊ शकत नाही त्याचीच ती होडी. अशा होडीत बसून, रात्रभर जागून, पहाटे रिकामे जाळे घेऊन परत येणारा पेत्र हा करमणूक करीत नव्हता. त्याच्या घरी सासू होती, बायको होती. जाळे रिकामे म्हणजे चूल थंड. पेत्र कोळी होता म्हणून आम्हीही गळ टाकितो, असे म्हणणे म्हणजे शेतकरी विळा चालवितो म्हणून वाटेने जाता जाता उभे पीक छाटीत जाण्यासारखे आहे. हात तसाच हलतो, विळाही तोच. काम मात्र ते नव्हे.

इंग्लंडात आयझॅक वॉल्टन नावाच्या एका भाविक गृहस्थाने १६५३ साली गळाने मासे धरण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला, तो आजही वाचिला जातो. त्यानेही शिष्यांच्या ह्याच धंद्याचा दाखला दिला आहे. पाण्याकाठी मौनाने बसल्याने मनुष्याचे मन निवळते, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते अनुभवास येण्याजोगे आहे. मात्र ती शांती पाण्याने दिली की गळाने, हे त्या भल्या गृहस्थास कोणी विचारावयास हवे होते.

शुभवर्तमानांत मासे धरण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. पण ते जाळ्यांचे आहेत. गळाचा प्रसंग एकच, आणि तो मत्तयाच्या सतराव्या अध्यायात आहे. कफर्णहूम येथे मंदिराची पट्टी वसूल करणारे पेत्राकडे आले. आपण ही पट्टी देणे लागत नाही, हे प्रभूने पेत्रास समजावून दिले. तरी त्या लोकांस अडखळण होऊ नये म्हणून त्याने पेत्रास समुद्रावर जाऊन गळ टाकण्यास व पहिला वर येईल तो मासा घेण्यास सांगितले. त्या माशाच्या तोंडात सापडलेल्या नाण्याने दोघांची पट्टी भागली. एक गरज, एक गळ, एक मासा. पट्टी भागल्यावर दुसरा मासा धर असे प्रभूने म्हटले नाही, आणि पेत्र काठावर तसाच बसून राहिला असेही लिहिलेले नाही. एवढ्यावर मोठा सिद्धांत उभारावा अशी आमची इच्छा नाही; पण तरुणांस गळासाठी शास्त्राचा दाखलाच पाहिजे असेल, तर तो हा आहे, आणि तो त्यांच्या उपयोगी पडणारा नाही.

आता शहराकडील तो तरुण म्हणेल की, मी तर मासा मारीतच नाही. धरितो आणि सोडितो. हे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण ही रीत पुष्कळ ठिकाणी चांगल्या हेतूने सुरू झाली. महसीर, ज्यास आपल्याकडे खडस म्हणतात, तो मोठा मासा आपल्या नद्यांतून दुर्मिळ होत चालला, तेव्हा हौशी लोकांनी धरिलेला मासा जिवंत सोडावा, असा प्रघात पाडण्यात आला. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी १९७०च्या दशकापासून महसीराची पिले वाढवून निरनिराळ्या जलाशयांत सोडण्याचे काम झाले, हेही स्तुत्यच होय. धरून मारून फेकण्यापेक्षा धरून सोडणे बरे, ह्यात शंका नाही.

परंतु माशाच्या बाजूने पाहावे. लोखंडी आकडा ओठातून आरपार गेला, दोरीने ओढ बसली, पाण्याबाहेर श्वास कोंडला, आणि हे सारे कोणाच्याही भुकेसाठी नव्हे. २००३ साली स्कॉटलंडातील संशोधकांनी ट्राउट नावाच्या माशावर प्रयोग करून दाखविले की, त्याच्या मुखावर व डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू आहेत. माशाला आपल्यासारखे दुःख वाटते काय, ह्याविषयी विद्वानांत अद्याप मतभेद आहे. मग संशय राहिला म्हणावयाचा. पण संशयाचा लाभ कोणी घ्यावा? झुडपात डुक्कर आहे की माणूस हे समजले नसता जो शिकारी बार उडवितो, त्यास कोणी शहाणा म्हणत नाही. भुकेल्या मनुष्याची गोष्ट वेगळी. त्याला लेकरांच्या तोंडी घास घालावयाचा असतो, आणि देवाने मासळी अन्नासाठी दिलीच आहे. ज्याला केवळ दुपार घालवावयाची आहे त्याला पोहता येते, पाखरे पाहता येतात, तंबूच्या सावलीत निजता येते. इतक्या वाटा मोकळ्या असता ज्या वाटेवर दुसऱ्या जिवाला यातना होत असण्याचा संभव आहे तीच का धरावी?

ह्याहून खोल एक गोष्ट आहे, ती धरणाऱ्याच्या अंतःकरणाची. हबक्कूक संदेष्ट्याने खास्दी लोकांच्या जुलुमाचे चित्र काढिले आहे, त्यात तो जुलमी राजा मनुष्यांना माशांप्रमाणे गळाने व जाळ्याने ओढून काढितो, त्यात हर्ष मानितो, आणि आपल्या जाळ्यालाच धूप जाळितो. संदेष्ट्याने कोळ्याच्या धंद्याची निंदा केली नाही. दुसऱ्याच्या तडफडीत जो आपल्या सामर्थ्याचा आनंद मानितो त्याची केली आहे. माशाबरोबर छायाचित्र काढणारा आमचा तरुण खास्दी नव्हे, तो बिचारा चांगल्या घरचा, भजनास टाळ वाजविणारा मुलगा असेल. पण मी किती मोठा जीव ओढून काढिला हे जगाला दाखविण्याची जी गोडी असते तिचा वास त्याच जातीचा आहे.

येथे उपदेशक बंधूंसाठी थोडे विषयांतर करितो. प्रभूने पेत्राला माणसे धरणारा करीन असे म्हटले, तेथे लूकाने मूळ ग्रीक भाषेत योजिलेल्या शब्दाचा अर्थ जिवंत धरणे असा आहे. आपल्या कामात ह्या शब्दाचा विसर पडण्याचा धोका नेहमी असतो. वर्षाच्या शेवटी अहवालात किती नावे भरली, बाप्तिस्म्याच्या वेळी किती जणांची रांग छायाचित्रात आली, ह्याच्याच हिशेबात जो उपदेशक रमतो आणि त्या माणसांची पुढे विचारपूस करीत नाही, त्याच्या हातीही गळाची काठीच आहे. असो.

मूळ प्रश्नाकडे वळतो. अन्नासाठी धरणाऱ्यालाही सर्व मोकळीक आहे काय? मोशेच्या नियमशास्त्रात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पाखराचे घरटे आढळले, आणि पाखरू पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेले असले, तर पिले घ्यावी पण आईस सोडून द्यावे, म्हणजे घेणाऱ्याचे कल्याण होईल. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेस जे दीर्घायुष्याचे वचन जोडिले आहे तेच ह्या पाखराच्या आज्ञेसही जोडिले आहे. ज्याने सारे जग निर्मिले त्याला एका घरट्याची एवढी काळजी!

ही आज्ञा आपल्या पाण्यांना लावून पाहा. मरळ मासा आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. पावसाळ्याच्या सुमारास तो वनस्पतींच्या आडोशाला अंडी घालितो, आणि पिले निघाल्यावर त्यांचे राखण करितो. तांबूस पिलांचा थवा श्वास घेण्यासाठी पाण्याच्या वरच्या थरात वळवळत फिरतो आणि आईबाप खाली पहारा देतात. जाणत्या लोकांस हे ठाऊक असते. म्हणूनच थवा दिसला की त्याच्याखाली गळ किंवा भाला टाकून राखणदारास धरितात. एक मासा हाती येतो, आणि शेकडो पोरकी पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. आपल्या तलावांत आता सर्वत्र दिसणारी चिलापी ही मूळची आफ्रिकेची. ती १९५२ साली भारतात आणिली गेली. तिची मादी अंडी व पिले आपल्या तोंडात धरून वाढविते. गालील सरोवरात जी तिची भावंडे आहेत त्यांतही तोंडात पिले सांभाळण्याची हीच रीत आढळते, म्हणजे पेत्राने हे पुष्कळदा पाहिले असले पाहिजे. कटला, रोहू व मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालितात. पहिल्या पुराबरोबर चढणीस लागलेल्या, अंड्यांनी भरलेल्या मासळीवर आडवे जाळे लावणे म्हणजे पेरणीच्या दिवशी बियाणे दळून खाणे होय. भुकेल्या घरात बियाणेही खाल्ले जाते, हे आम्ही जाणतो. मराठवाड्याने १९७२चा दुष्काळ पाहिला आहे. पण ज्याच्या पोटास भाकर आहे त्याने मरळीच्या थव्याखाली गळ टाकू नये, एवढे तरी प्रत्येक मंडळीने आपल्या लेकरांस शिकवावे.

उन्हाळ्यात पैनगंगेची धार तुटते आणि ठिकठिकाणी डोह उरतात. आसपासची सारी मासळी त्या डोहांत जमलेली असते. तेव्हा कोणी इंजीन लावून डोह उपसतो, कोणी गेळफळे कुटून पाण्यात टाकितो, आणि जे अगदी निर्दय ते सुरुंगाची दारू उडवितात. विष आणि स्फोटक ह्यांनी मासे मारण्यास १८९७च्या कायद्याने बंदी केलेली आहे. परंतु डोहावर शिपाई नसतो, तेथे विवेकच काय तो असतो. त्या डोहातील पाणी गुरे पितात, कधी माणसेही पितात. २०१६च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. जेथे पाण्याची अशी दशा होऊ शकते तेथे शेवटच्या डोहाशी खेळणे हा माशांवरचा अन्याय आहेच, शेजाऱ्यावरचाही आहे. आणि शेजारी म्हणजे पुढच्या वर्षी जन्मास येणारा देखील.

ह्या बाबतीत आपल्या हिंदू शेजाऱ्यांपासून शिकण्यासारखे आहे, हे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. कोकणात महाडजवळ वाळण कोंड म्हणून नदीचा डोह आहे. तेथील वरदायिनी देवीच्या नावाने त्या डोहातील मासे कोणी धरीत नाही, म्हणून मोठमोठे महसीर तेथे अद्याप निर्भयपणे वावरतात. आपण त्या देवीस भजत नाही; परंतु उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे की, मनुष्य निर्माण होण्यापूर्वीच, पाचव्या दिवशी, देवाने जलचरांना फलद्रूप होऊन समुद्र भरून टाकण्याचा आशीर्वाद दिला. जो आशीर्वाद आपण वाचितो तो शेजारी न वाचिता पाळितो, हे पाहून आपण काही बोलण्याआधी थोडे गप्प बसावे.

राहिली तलावाची मालकी. ह्याचा विचार तंबूवाले तरुण बहुधा करीतच नाहीत. धरणांचे व गावतलावांचे पाणी उघडे दिसते म्हणून त्यातील मासा बेवारशी नव्हे. माहूरच्या वरच्या अंगास पैनगंगेवर ईसापूरचे मोठे धरण आहे, आणि लहान तलाव तर जागोजाग आहेत. पुष्कळ ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्था मुदतीच्या ठेक्याने पाणी घेतात, मत्स्यबीज विकत आणून सोडितात, आणि वाढलेल्या मासळीवर घरे चालवितात. कटला-रोहू स्थिर पाण्यात आपणहून वंश वाढवीत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनी ओडिशात टोचणीच्या साहाय्याने त्यांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून असे बीज सर्वत्र मिळू लागले. म्हणजे तलावातील रोहू हा पेरलेल्या जोंधळ्यासारखाच कोणाच्या तरी घामाचा आहे. नियमशास्त्रात ह्यालाही वाट दाखविली आहे. वाटसराने शेजाऱ्याच्या शेतात हाताने कणसे मोडून खावी, पण विळा लावू नये. द्राक्षमळ्यात पोटभर खावे, पण पात्रात भरून नेऊ नये. पाहुण्याच्या भुकेला देवाने जागा ठेविली, त्याच्या टोपलीला ठेविली नाही.

आणि तंबूत राहणारा मनुष्य पाहुणाच असतो. इस्राएल लोकांनी दरवर्षी सात दिवस डहाळ्यांच्या मांडवांत राहावे अशी आज्ञा होती, ती चैनीसाठी नव्हे. आपण अरण्यात बेघर होतो, देवाने सांभाळले, ह्याची आठवण राहावी म्हणून होती. पूर्वी मिशनरी व देशी उपदेशक थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन गावोगाव फिरत, तेव्हा ज्या आमराईत तंबू पडे त्या गावची विहीर, गवत व दूध त्यांना त्या गावच्या कृपेनेच मिळे. आजच्या शिबिरात खाऊ शहरातून बांधून आणितात, म्हणून कृपेची आठवण बुजते. मग प्लास्टिकच्या बाटल्या काठावर राहतात, तुटलेली नायलॉनची दोरी झुडपात अडकते आणि तीत बगळ्याचा पाय गुंततो.

पाण्याकाठी विसावा घेणे चांगले आहे. शिष्य दमून आले तेव्हा प्रभूनेच त्यांना एकांती नेले. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या काठी त्याने स्वतः निखारे पेटविले, मासळी व भाकर मांडिली, आणि रात्रभर रिकाम्या जाळ्याने दमलेल्यांना न्याहारीस बोलाविले. जगातील सर्वांत सुंदर शिबिर तेच. तेथे मासे होते, मोजलेही गेले, एकशे त्रेपन्न; पण काठावर सडत टाकिलेला एकही नव्हता. पाच हजारांच्या भोजनानंतर टोपल्या भरल्या त्यांत भाकरींच्या तुकड्यांबरोबर माशांचेही तुकडे होते, असे मार्क आवर्जून सांगतो. ह्यावरून आमच्या मते त्या दिवशी तलावावर जे घडले त्यात शिजवून खाल्लेल्या मासळीचा दोष नाही. धरून सोडण्याचा खेळ ख्रिस्ती तरुणांस शोभणारा नाही. आणि काठावर फेकिलेल्या मासळीविषयी त्या वृद्ध भगिनी बोलल्या ते अक्षरशः खरे आहे. त्यांनी ते अधिक मोठ्याने बोलावयास हवे होते.

पुढील शिबिर भरविण्यापूर्वी उपदेशक बंधूंनी आठवडाभर आधी त्या तलावाच्या गावी जावे. पाण्याचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे हे तेथे कोणीही सांगेल. जागा पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत येत असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि तेथे गळ नेऊच नये. अन्यत्र असल्यास शिबिराच्या एका जेवणापुरती मासळी भोई बंधूंकडूनच रोख पैसे देऊन घ्यावी, आणि शक्य असेल तर त्यांच्यापैकी एखाद्या वडीलधाऱ्यास रात्री शेकोटीवर बोलवावे. जाळे कसे विणतात, कोणत्या नक्षत्रात कोणता मासा चढणीस लागतो, हे तरुणांनी त्यांच्या तोंडून ऐकावे. तो मनुष्य ख्रिस्ती असो वा नसो, पेत्राच्या धंद्याचा आहे, आणि लूकाचा पाचवा अध्याय त्या रात्री त्याच्यासमोर वाचिला तर त्यातील बऱ्याच गोष्टी तोच समजावून सांगेल.